वैमानिकाने नुसतं ‘हो’ का म्हणायचं नाही

बारावी सायन्सनंतर पायलट व्हायचं म्हणणारी मुलं आता कोल्हापुरातही कमी नाहीत. त्यांच्या पालकांची पहिली काळजी पैशांची असते आणि दुसरी इंग्रजीची. ‘मराठी माध्यमातला आहे हो, विमानात इंग्रजी बोलायला जमेल का त्याला?’ पैशांवर माझ्याकडे इलाज नाही. इंग्रजीचं मात्र सांगता येईल, कारण तिथे भीती भलत्याच गोष्टीची घातली जाते.

आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचे नियम ठरवणारी संघटना म्हणजे आयकाओ. तिने वैमानिक आणि कंट्रोलर (जमिनीवरून रेडिओने विमानांना सूचना देणारा माणूस) यांच्या इंग्रजीसाठी सहा पायऱ्या ठरवल्या आहेत आणि मार्च २००८ पासून त्या लागू आहेत. किमान चौथी पायरी लागते. ती मिळाली की दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, पाचवी असेल तर सहा वर्षांनी, सहावी मिळाली की सुटका. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाजू तपासतात, आणि यातल्या सगळ्यात कच्च्या बाजूची पायरी हीच तुमची पायरी धरतात. शब्दसंपत्ती सहाव्या पायरीची आणि आकलन तिसऱ्या पायरीचं असेल, तर तुम्ही तिसऱ्या पायरीवर, म्हणजे नापास. बोलण्याला कोल्हापुरी हेल असला तर कुणाचं काही म्हणणं नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, एवढंच. थोडक्यात, फाडफाड इंग्रजीला इथे वेगळे मार्क नाहीत.

अवघड असतं ते दुसरंच. समोरचा काय म्हणाला ते नीट कळलं नसताना ‘हो’ न म्हणणं, आणि वरिष्ठ चुकतोय असं दिसत असताना गप्प न बसणं. आपल्याकडे कशालाही ‘चालतंय की’ म्हणून मोकळं होता येतं. विमानात तसं मोकळं होता येऊ नये, यासाठी सगळी पद्धत बांधलेली आहे, आणि तिचा जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या तरी अपघातानंतर आला किंवा घट्ट झाला आहे.

आधी रेडिओचं बघू. विमानाचा रेडिओ फोनसारखा चालत नाही. बटण दाबून धरलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. दोन्ही एकदम होत नाही. त्या फ्रिक्वेन्सीवर असलेली सगळी विमानं एकमेकांचं बोलणं ऐकत असतात. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं, तर बाकीच्यांना नुसती किरकिर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, आणि गंमत म्हणजे बोलणाऱ्या दोघांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणून आधी ऐकायचं, काय बोलायचं ते मनात जुळवायचं, मग बटण दाबायचं.

आता समजा, कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या धावपट्टीवर विमान उडायला तयार आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा विमानतळ. धावपट्टी एकच, पण तिला नंबर दोन: पश्चिमेकडे तोंड करून उडालात तर २५, पूर्वेकडे उडालात तर ०७. होकायंत्रावरच्या अंशांतला शेवटचा आकडा काढून हे नंबर देतात, म्हणजे २५ याचा अर्थ साधारण २५० अंशांची दिशा. टॉवरमधला कंट्रोलर विमानाचं नाव घेऊन म्हणतो, ‘विंड टू सिक्स झिरो डिग्रीज, वन टू नॉट्स, रनवे टू फाइव्ह, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ.’ म्हणजे वारा २६० अंशांकडून, वेग १२ नॉट (नॉट हे वेगाचं माप), आणि धावपट्टी २५ वरून उडायला परवानगी. त्यावर वैमानिकाने ‘ओके सर’ म्हणून भागत नाही. त्याने म्हणायचं, ‘रनवे टू फाइव्ह, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’, आणि शेवटी आपल्या विमानाचं नाव.

ही झाली रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना आकड्यांसकट परत म्हणून दाखवणं. उड्डाणाची आणि उतरण्याची परवानगी, कोणती धावपट्टी, किती उंची, कोणती दिशा, उंचीमापकात भरायचा हवेचा दाब, धावपट्टीच्या अलीकडे थांबायची सूचना, हे सगळं परत म्हणावंच लागतं. पण एवढ्यावर काम संपत नाही. परत म्हटलेलं बरोबर आहे का, हे कंट्रोलरने कान देऊन ऐकायचं असतं आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं असतं. विमानातल्या दोघांना वेगवेगळं ऐकू आलं असेल, तर पुन्हा विचारायचं. ‘से अगेन’ म्हणायला कुणालाही लाज वाटू नये, पंचवीस वर्षं उडवणाऱ्यालाही नाही.

आणि उत्तर आलंच नाही तर? ऊस भरलेली ट्रॉली मागे घेताना पाठीमागून कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत असतो. आवाज बंद झाला की शहाणा ड्रायव्हर ब्रेक दाबतो. गप्प आहे म्हणजे हरकत नाही, असं धरून मागे जात नाही. रेडिओवरही तसंच. शांतता म्हणजे परवानगी नव्हे.

रीडबॅकमधला एक आकडा चुकला तर काय होतं, हे कोल्हापूरच्या नकाशावरच पाहता येईल. इथला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे. विमानातलं नेहमीचं उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतं, आणि त्या दिवशीचा दाब त्यात हाताने भरावा लागतो. कंट्रोलर म्हणाला १००३ आणि वैमानिकाने भरला १०१३, तर फरक १० हेक्टापास्कलचा. एका हेक्टापास्कलला साधारण ३० फूट धरा. म्हणजे विमान काटा दाखवतोय त्यापेक्षा सुमारे ३०० फूट खाली उडत असणार. पावसाळ्यात ढग खाली उतरलेले असताना, पन्हाळा-जोतिबाचे डोंगर फार लांब नसताना, ३०० फूट ही छोटी चूक राहत नाही.

आकडे एकेक करून उच्चारायचे यामागे हेच कारण आहे. इंग्रजीत खरखरीतून ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच ऐकू येऊ शकतात, म्हणून नवाला ‘नाइनर’ आणि पाचाला ‘फाइफ’ म्हणायचं ठरलं. अक्षरांनाही ठरलेली नावं आहेत: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. सिनेमात सगळ्याला ‘रॉजर’ म्हणतात, पण रॉजरचा अर्थ फक्त तुमचं बोलणं पोचलं, इतकाच. सांगितलं तसं करतो, असं कळवायचं असेल तर शब्द आहे ‘विल्को’. जमणार नसेल तर ‘अनेबल’. हा शेवटचा शब्द नव्या मुलांच्या तोंडी लवकर येत नाही, पण तो वापरणं हा वैमानिकाचा हक्क आहे.

ठरलेली भाषा सोडली की काय होतं, याचं उदाहरण १९ फेब्रुवारी १९८९ चं. क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ विमानाला कंट्रोलरने २,४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं: ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो.’ त्यातला ‘टू’ म्हणजे दोन. विमानात तो ‘पर्यंत’ या अर्थाने ऐकला गेला, आणि उत्तर गेलं, ‘ओके, फोर झिरो झिरो.’ म्हणजे ४०० फूट. कंट्रोलरने ही चूक पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघांचा जीव गेला. कंट्रोलरला वाटत होतं की आपण बरोबर सांगितलं, वैमानिकांना वाटत होतं की आपण परत म्हणून दाखवलं. आपल्याला जे अपेक्षित असतं तेच ऐकू येतं, आणि रीडबॅक ऐकणाराही माणूसच असतो.

यातला सगळ्यात मोठा धडा मात्र टेनेरिफचा. २७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या मुख्य विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे बरीच विमानं त्यातल्याच टेनेरिफ बेटावरच्या छोट्या विमानतळावर वळवलेली. गर्दी एवढी की विमानांना धावपट्टीवरूनच पुढे जावं लागत होतं. त्यात धुकं उतरलं. नेदरलँड्सच्या केएलएम कंपनीचं ७४७ धावपट्टीच्या टोकाला उडण्यासाठी उभं, आणि त्याच धावपट्टीवरून समोरून अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीचं ७४७ सावकाश येतंय. टॉवरला दोन्ही दिसत नाहीत, त्या दोघांना एकमेकं दिसत नाहीत. हातात उरला फक्त रेडिओ.

केएलएमचा कॅप्टन कंपनीतला मोठा माणूस, ७४७ चं प्रशिक्षण त्याच्याकडे. शेजारच्या को-पायलटची ७४७ ची परीक्षा त्यानेच घेतलेली. कॅप्टनने इंजिनांना जोर दिला, तेव्हा को-पायलटने थांबवलं: अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन म्हणाला, माहीत आहे, विचार. मग टॉवरने उडाल्यानंतर कसं जायचं त्याचा मार्ग सांगितला. ती उडण्याची परवानगी नव्हती. को-पायलट तो मार्ग परत म्हणत असतानाच कॅप्टनने विमान पळवायला सुरुवात केली, आणि को-पायलटने शेवटी जोडलं, ‘वुई आर नाऊ अॅट टेक-ऑफ.’ याचा अर्थ काय घ्यायचा? उडायला तयार उभे आहोत, की उडायला निघालोच? टॉवरने पहिला अर्थ घेतला. टॉवर म्हणालं, ‘ओके.’ मग थोडं थांबून, ‘टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगतो.’ नेमकं त्याच क्षणी पॅन अॅमने घाईने कळवलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन बटणं एकदम दाबली गेली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ आलं आणि त्यापुढे शिट्टी.

तरीही एक संधी उरली होती. धावपट्टी सोडल्यावर कळवतो, असं पॅन अॅमने त्यानंतर टॉवरला सांगितलं, आणि ते केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरच्या, म्हणजे कॉकपिटमध्ये यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या, कानावर पडलं. त्याने विचारलं, ‘तो अजून बाहेर गेला नाही का?’ कॅप्टन ठासून म्हणाला, गेलाय. पुढे कुणी बोललं नाही. ५८३ माणसं गेली.

मला वाटतं, या अपघाताची गोष्ट सांगताना लोक धुक्याला आणि त्या शिट्टीला जरा जास्तच दोष देतात. को-पायलटने एकदा कॅप्टनला अडवलं होतं. दुसऱ्यांदा अडवणं त्याला जड गेलं असावं. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, पण त्याने ती प्रश्नाच्या रूपात मांडली, आणि प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर देऊन गप्प करता येतं. नंतर नियम घट्ट झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता फक्त उडण्याची परवानगी देताना, ती रद्द करताना किंवा ती परत म्हणून दाखवतानाच वापरायचा; बाकी वेळी ‘डिपार्चर’. टोकाला उभा असलेला वैमानिक म्हणतो, ‘रेडी फॉर डिपार्चर.’ शब्दांचा प्रश्न असा सुटला. शेजारच्या खुर्चीतल्या दबावाचा सुटायला आणखी वेळ लागला.

आपल्या देशातला सगळ्यात भीषण अपघात १२ नोव्हेंबर १९९६ चा, हरियाणातल्या चरखी दादरीवरचा. दिल्लीहून निघालेलं सौदी ७४७ वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांची मर्यादा. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन ७६ उतरत होतं, त्याला १५,००० फुटांवर थांबायचं होतं. कंट्रोलरने समोरच्या विमानाची कल्पनाही दिली होती. कझाक विमानात रेडिओवर बोलायला वेगळा माणूस होता. उंचीचा काटा त्याच्यासमोर नव्हता, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघावा लागे. वैमानिकांचं इंग्रजी कच्चं. विमान १५,००० च्या खाली आलं आणि ३४९ जण मेले, वाचलं कुणीच नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि पुढे भारतात येणाऱ्या विमानांना टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. इथे सूचना विमानापर्यंत पोचली होती, पण ज्याच्या हातात दांडा होता त्याच्यापर्यंत ती जशीच्या तशी पोचली नाही.

अडचण सांगणं हेही एक कसबच. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं अॅव्हियांकाचं विमान खराब हवेमुळे तासाभराहून जास्त घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं. कॅप्टनला इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्याने को-पायलटला सांगितलं, इमर्जन्सी असल्याचं कळव. को-पायलटने कंट्रोलरच्या सूचनेला उत्तर देता देता शेवटी जोडलं, आमचं इंधन संपतंय. ‘मेडे’ नाही, ‘इमर्जन्सी’ नाही. प्रवासाच्या शेवटी सगळ्याच विमानांत इंधन कमी असतं, आणि त्या रात्री रांगेत विमानं खूप होती. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. खरा प्रसंग ओढवला की तीनदा ‘मेडे’ म्हणायचं, म्हणजे बाकी सगळे बाजूला होतात. त्याहून कमी तातडीचं असेल तर तीनदा ‘पॅन पॅन’. इथे भिडस्तपणाला जागा नाही.

आता कॉकपिटच्या आत येऊ. दोघांपैकी एक विमान उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो. लक्ष ठेवणाऱ्याचं काम म्हणजे आकडे बघणं आणि फरक दिसला की मोठ्याने सांगणं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण उडवणारा पन्नाशीचा कॅप्टन आणि लक्ष ठेवणारा पंचविशीतला पोरगा असेल तर? मोठ्यांपुढे तोंड उघडू नये, या संस्कारात वाढलेल्या आपल्या मुलांना ते सोपं जात नाही. जगात इतरत्रही जात नाही, हे वर आलंच आहे.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबईहून आलेलं विमान उतरताना फार उंच आणि वेगात होतं. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. कॉकपिटमधला आवाज टिपणाऱ्या यंत्रात त्याचं घोरणंही सापडलं. को-पायलटने ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं तीनदा सुचवलं. यंत्रही इशारे देत होतं. कॅप्टनने उतरवायचंच ठरवलं होतं. चाकं टेकली तेव्हा धावपट्टीचा अर्ध्याहून जास्त भाग मागे पडला होता. विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून दरीत गेलं. १५८ जणांचा मृत्यू झाला, आठ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीने कारण स्पष्ट लिहिलं: बिघडलेलं अॅप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, कॅप्टनने सोडून दिलं नाही. या को-पायलटने तोंड उघडलं होतं, तेही एकदा नाही. पण बोलणं आणि विमान ताब्यात घेणं यात एक पायरी असते, आणि ती चढायला त्याच्याकडे काही सेकंदच होते.

म्हणून ही पायरी आधीच शिकवतात. पहिल्यांदा आकड्यासह सांगायचं: ‘सर, वेग पंधरा नॉट जास्त आहे.’ ‘सर, वेग जरा जास्त वाटतोय का?’ असं नाही. ‘जरा’ आणि ‘वाटतोय’ हे शब्द घरी ठेवून यायचे. प्रतिसाद आला नाही तर काय करायचं ते सांगायचं: ‘कॅप्टन, गो-अराउंड.’ दोनदा सांगूनही काही हललं नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून दांडा हातात घ्यायचा. सर म्हणायला हरकत नाही, आदर ठेवायलाही नाही. गप्प राहायला आहे.

या प्रशिक्षणाला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेड कंपनीचं विमान चाकांची अडचण सोडवता सोडवता इंधन संपून पडलं. फ्लाइट इंजिनिअर इंधनाचं सुचवत होता, पण कॅप्टनचं सगळं चित्त चाकांत. पुढच्या वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने हे प्रशिक्षण सुरू केलं. जुन्या कॅप्टनांनी सुरुवातीला त्याची टिंगल केली. पण त्यातला निम्मा धडा त्यांच्यासाठीच आहे: खालच्याने बोलावं असं वाटत असेल, तर वरच्याने आधी विचारलं पाहिजे, आणि टोकलं म्हणून तोंड वाकडं करता कामा नये. २००९ मध्ये न्यूयॉर्कला पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेल्यावर कॅप्टन सलनबर्गर यांनी ‘माय एअरक्राफ्ट’ म्हटलं, को-पायलट स्काइल्स यांनी ‘युअर एअरक्राफ्ट’ म्हटलं, आणि विमान कुणाच्या हातात आहे हा प्रश्न तिथेच मिटला. हडसन नदीत उतरण्याआधीच्या शेवटच्या काही क्षणांत चाळीस वर्षं उडवलेल्या या माणसाने शेजाऱ्याला विचारलं, तुला काही सुचतंय का? उत्तर होतं, नाही. सगळे १५५ जण वाचले.

कधी गप्प बसायचं, तेही शिकावं लागतं. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लटला उतरताना वैमानिक राजकारण आणि जुन्या गाड्यांवर गप्पा मारत होते. विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडलं आणि ७० हून अधिक माणसं गेली. १९८१ पासून तिथे १०,००० फुटांच्या खाली कामाशिवाय बोलायला बंदी आहे, आणि ही पद्धत इतरत्रही पाळतात. अडचणीच्या वेळी तर क्रम ठरलेला आहे: आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग बोला. कंट्रोलर विचारत राहिला तरी ‘स्टँड बाय’ म्हणता येतं.

या साखळीत प्रवासीही येतात, हे फारसं सांगितलं जात नाही. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंड कंपनीचं बोइंग ७३७ विमान पडलं, ४७ जण गेले. बिघाड डाव्या इंजिनात होता आणि बंद केलं गेलं उजवं. उजव्या इंजिनाबद्दल कॅप्टनने उद्घोषणाही केली. मागच्या बऱ्याच प्रवाशांनी डावीकडच्या ज्वाळा पाहिल्या होत्या. त्यांना ती उद्घोषणा खटकली, पण पायलटला माहीत असेलच, असं समजून कुणी काही बोललं नाही, आणि केबिन क्रूकडूनही ते कॉकपिटपर्यंत गेलं नाही.

तेव्हा कोल्हापूरहून हैदराबादला किंवा मुंबईला जाताना खिडकीतून पंखाकडे धूर, ठिणग्या, गळती असं काही दिसलं, तर कॉल बटण दाबा. हवाई सुंदरी हसेल, ही भीती बाळगू नका. आणि सांगताना डावी-उजवीवर विसंबू नका, कारण ती तुमच्याकडे तोंड करून उभी असते आणि घाईत दोघांच्या बाजू उलट होतात. तुमच्या ओळीचा नंबर आणि खिडकीचं अक्षर सांगा, आणि पायलटना कळवलं का, हे तिला पुन्हा विचारा.